तिसऱ्या हाकेची आत्या

आमची आत्या पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसे. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक आली की हातातलं काम खाली ठेवायची, पदर सारखा करायची आणि अगदी शांतपणे म्हणायची, "काय गं, का ओरडतेस?" अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहत होतो. तिथे नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकाची समजूत व्हायची की ही बाई ठार बहिरी आहे. शेजारची मुलं तिला 'बहिरी आत्या' म्हणायची, आणि तेही तीनदा म्हणावं लागायचं. प्रत्यक्षात तिचे कान इतके तिखट होते की मागच्या खोलीत मी हळूच डब्याचं झाकण उघडलं तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "एकच लाडू घे."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणत, आई वन्सं म्हणे. नवरा गेल्यावर एक पत्र्याची ट्रंक आणि तपकिरीची डबी घेऊन ती कोकणातून आमच्याकडे आली, ती कायमचीच. पहिल्याच आठवड्यात आईची आणि तिची जुंपली. दूध उतू चाललं होतं, आईचे हात कणकेत, आई "वन्सं, वन्सं" करून ओरडतेय आणि आत्या दुधाकडे बघत शांत उभी. तिसऱ्या 'वन्सं'ला तिने पातेलं उतरवलं. तोवर शेगडी विझली होती. त्या दिवशी आत्याला बिनदुधाचा चहा मिळाला. तिने तो न कुरकुरता प्यायला आणि मग कारण सांगितलं.

"पहिली हाक कोणाचीही असू शकते, वहिनी. दुसरी ओळखीच्या आवाजात येते. तिसरी हाक फक्त माणूसच मारतो. त्यांना तीनदा बोलावता येत नाही."

"त्यांना म्हणजे कोणाला?" आईने विचारलं. आत्याने चिमूटभर तपकीर ओढली आणि विषय संपवला.

पुढे आम्हाला सवय झाली. एकदा ती अंगणात वाळवण घालत असताना शेजारच्या काकूंनी भिंतीवरून ओरडून सांगितलं, "आत्या, पायाशी विंचू." आत्या जागची हलली नाही. काकू पुन्हा ओरडल्या. तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत विंचूच कंटाळून दगडाखाली निघून गेला. "बघा," आत्या म्हणाली, "पहिल्या हाकेला उडी मारली असती तर नेमकी त्याच्यावरच पडले असते."  

आत्याचे 'ते' पाण्यातले, हे आम्हाला हळूहळू कळलं. अशा बाईने पाण्याला भ्यायला हवं होतं. पण रविवारी तळ्यावर जायचा हट्ट आत्याचाच. मलंगगडाच्या डोंगरांपाशी, आगगाडीच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून साहेबाच्या काळात बांध घालून अडवलेलं ते तळं. बाकी सगळीकडे डोंगर, एका अंगाला बांध, आणि बांधाच्या कडेला मुरमाड वाळूचा उतरता पट्टा. त्या पट्ट्याला सगळे चौपाटी म्हणत. थंडीचे दिवस सुरू झाले की रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. उल्हासनगरच्या कॅम्पातून सिंधी कुटुंबं टांगे करून यायची. त्यांच्या बायका आधी पाण्यात तांदूळ-साखर सोडून हात जोडायच्या आणि मग भजी-पापडाची पुडकी उघडायच्या. एक भेळवाला यायचा, एक चक्रीवाला यायचा. आम्ही दडपे पोह्यांचा डबा आणि सतरंजी घेऊन चालत जायचो. डब्यातले मूठभर पोहे आत्या पाण्यात टाकायची, पाय पाण्यात सोडून बसायची आणि लहान मुलीसारखी ते हलवत राहायची.

एक नियम मात्र कडक होता. तळं दिसू लागलं की ती आम्हाला थांबवायची आणि नावं वाटायची. पाण्याकाठी कोणी कोणाला खऱ्या नावाने हाक मारायची नाही. नावं नेहमी स्वयंपाकघरातली असत आणि दर खेपेला नवी. कधी मी परडी, कधी झारा. आई एकदा वरवंटा झाली तेव्हा परत येईपर्यंत कोणाशी बोलली नाही. बाबांना पोळपाट म्हणताना मला आणि माझ्या धाकट्या भावाला हसू आवरत नसे. ज्या रविवारची ही गोष्ट आहे त्या रविवारी भावाचं नाव बोळकं होतं. इथेही मी त्याला बोळकंच म्हणणार आहे. त्याचं खरं नाव लिहायला माझा हात अजून धजत नाही.

"तुला भीती वाटते तर येतेस कशाला?" बाबा तिला चिडवायचे.

"भीती कसली? कोणाकडे पाहुणे म्हणून गेलं तर आपण घरचं कपाट उघडून दाखवतो का? तसंच हे. भेटायचं, खायचं-प्यायचं, निघायचं. सगळं सांगायचं नसतं."

बाबा कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. रेघ सरळ असली पाहिजे आणि गोष्टीला कारण असलं पाहिजे, हा त्यांचा स्वभाव. आत्याच्या वागण्याचंही कारण त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. त्या दोघांच्या मधली एक बहीण लहानपणी गावच्या तळ्यात गेली, तेव्हापासून अक्काचं असं आहे. कारण सापडलं की बाबांच्या लेखी गोष्ट मिटलेली असे. म्हणून कित्येक वर्षं ते निमूटपणे पोळपाट, लाटणं आणि किसणी होत राहिले.

भांडण झालं ते शाळेपायी. बोळकं नुकताच पहिलीत जायला लागला होता आणि त्याने आत्याचं बघून तीन हाकांचं व्रत उचललं. मास्तर हजेरी घ्यायचे, हा पहिल्याच बाकावर बसलेला, आणि गप्प. हजेरीत एकाच नावाला तीन हाका कोण मारतो? मुलगा समोर बसलेला असताना त्याची गैरहजेरी लागत गेली आणि शेवटी बाबांना शाळेत बोलावणं आलं. बाबा घरी आले ते लाल होऊनच. "अक्का, तुझं तुझ्यापाशी. माझ्या मुलाच्या डोक्यात हे नको," एवढंच म्हणाले.  आठवडाभर बाबांनी बोळक्याला समोर उभं करून पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय लावली. चुकला की पुन्हा. पोरगं हुशार, लवकर शिकलं.

त्या रविवारी पोहे खाऊन झाले, ऊन उतरायला लागलं. बाबा उठले, बोळक्याला हाताला धरून बांधावर घेऊन गेले. आम्हाला वाटलं, पाणी दाखवायला नेताहेत. तिथे त्यांनी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि डोंगराकडे तोंड करून त्याचं नाव घेतलं. नुसतं नाव नव्हे. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं. ते डोंगरावर आदळलं आणि परत आलं. मग दुसऱ्या डोंगरावरून, जरा बारीक. मग आणखी लांबून.

"कळलं?" बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आवाज जातो, आपटतो आणि परत येतो. याला प्रतिध्वनी म्हणतात. यात घाबरायचं काय आहे?"

बोळकं खुदकन हसला. मलाही ते पटलं. आत्याकडे बघितलं तर ती पाय पाण्याबाहेर काढून बसली होती. तिने डब्याचं झाकण लावलं, ओल्या पायांनीच चपला घातल्या आणि म्हणाली, "चला. निघू या."

आम्ही आवराआवर केली. सतरंजी झटकून झाली, घडी झाली. बाबा तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होते. आणि पुन्हा नाव आलं. डोंगरावरून नाही, पाण्यावरून. अगदी सपाट, जवळून, घरात हाक मारावी तसं. आवाज बाबांचा होता. बाबांच्या तोंडाला तांब्या होता.

"ओ," बोळकं म्हणाला. बाबांनी शिकवलं होतं तसं, पहिल्याच हाकेला.

शेजारी बसलेल्या सिंधी कुटुंबातली एक म्हातारी आमच्याकडे वळून बघू लागली. "किसने बुलाया बच्चे को?" तिने विचारलं.  तिने आपल्या सुना-नातवंडांना उठवलं, अर्धी भजी तशीच बांधली आणि ती सगळी टांग्याकडे गेली. बाबांनी तांब्या खाली ठेवला. "उशिरा आलेला प्रतिध्वनी," असं काहीतरी ते पुटपुटले. वाटभर आत्याने बोळक्याचा हात सोडला नाही.

त्यानंतर घरात विचित्र प्रकार सुरू झाले. जेवताना, खेळताना, पाढे म्हणताना बोळकं मधेच मान वर करून "ओ" म्हणायचा. कोणीही हाक मारलेली नसायची. आई विचारायची, "कोण बोलावतंय रे?" तो म्हणायचा, "बाबा." बाबा तेव्हा कारखान्यात असायचे. आईने दाराला वरची कडी घालायला सुरुवात केली. मला दुपारी घरात एकटं बसवेना. बाबा म्हणाले, खेळ आहे पोराचा, लक्ष देऊ नका. पण त्यांनीही त्याला हाक मारायचं बंद केलं, हे माझ्या लक्षात आलं.

मग एके दिवशी भर दुपारी आमच्याकडे भाजी घालणारी पालेगावची बाई त्याला काखेत मारून घेऊन आली. आई मागे धुणं धूत होती, कडी राहिली होती. बाईने त्याला ओट्यावर उतरवलं आणि टोपली टेकत म्हणाली, "तलावाचे वाटंला लागला व्हता पोऱ्या, बाय. मी इचारलं कं चाललास रं, त मना बोलला, बाबा बोलावतान. मी बोलली, तुजा बाबा कामाव आसल. त बोलला, नाय, पान्यात हाय."

आईने ओल्या हातांनीच त्याला उचलून घेतलं. संध्याकाळी बाबा आले तेव्हा आत्याने त्यांना बाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. बाबा बूटसुद्धा न काढता बसले. "काय करायचं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना असं विचारताना पहिल्यांदाच ऐकलं.

"उद्या रजा काढ," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तळ्यावर गेलो. आडवार होता, चौपाटीवर चिटपाखरू नव्हतं. भेळेच्या कागदांवर वारा फिरत होता. पाण्याच्या कडेला शेंदूर लावलेले काही दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. रविवारच्या गर्दीत त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नसे. आत्या विधवा, म्हणून ओटी आईने भरली. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, सगळं आत्याने सांगितलं तसं.  मग आत्या चपला काढून घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि बाबांकडे वळली. त्या दिवशी तिने नावं वाटली नव्हती.

"भाऊ, आता बांधावर जा आणि माझं नाव घे. माहेरचं."

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो आणि जुनं माहेरीच राहतं. आत्याचं माहेर म्हणजे आता एकटे बाबाच उरले होते. ते नाव आईने कधी ऐकलं नव्हतं, मग आम्ही कुठून ऐकणार?

"अक्का, हे काय भलतंच?"

"त्याचं घेतलंस तसंच घे. मोठ्याने. त्याच्या बदल्यात दुसरं काय देणार? सासरचं नाव माझं नाही, ते त्यांनी दिलेलं. हे एक माझं आहे आणि ते कोणाच्या वापरात नाही."

"आणि मग काय होईल?"

"काय व्हायचंय?" आत्या चक्क हसली. "आवाज जाईल, आपटेल आणि परत येईल. तूच म्हणालास ना?"

बाबा बांधावर गेले. त्यांनी तोंडाशी हात धरले आणि खाली घेतले. पुन्हा धरले, पुन्हा खाली घेतले. "प्रतिध्वनीच असतो तो," असं ते म्हणाले, पण कोणाकडे बघून नाही. ज्या माणसाला यात काही नाही असं पक्कं ठाऊक होतं, त्याला एक नाव उच्चारता येत नव्हतं. त्या वेळी मला त्यांची इतकी दया आली की मी मान खाली घातली.

तेवढ्यात बोळकं आईच्या हाताला हिसका देऊन "ओ" म्हणाला आणि सरळ पाण्याच्या दिशेने चालू लागला. आई किंचाळली. आणि बाबांनी आत्याचं नाव घेतलं.

ते दोन अक्षरी, जुन्या वळणाचं, साधं नाव होतं. डोंगरांनी ते परत दिलं, एकामागून एक, आणि सगळं शांत झालं. बोळकं गुडघाभर पाण्यात थबकला होता. आम्ही वाट बघत होतो. मग ते पाण्यावरून आलं, बाबांच्या आवाजात, पण लहानपणीचे बाबा कसे हाक मारत असतील तसं.

"ओ," आत्या म्हणाली.

उभ्या जन्मात पहिल्या हाकेला तिने ओ दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मग पाहुणा दारात यावा आणि आपले हात पिठात असावेत, तशा आवाजात ती पाण्याला म्हणाली, "आले हं. जरा आवरून येते."

तिने बोळक्याला कडेवर घेतलं आणि वळून न बघता बाहेर आली. घरी आल्यावर त्याला कडकडीत पाण्याने आंघोळ घातली, मऊ भात खाऊ घातला. तो झोपला तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत. त्यानंतर त्याने उगाच ओ दिली नाही. आज तो आजोबा झाला आहे आणि त्याला यातलं काहीही आठवत नाही. मी कधी आठवण करून दिलेली नाही.

आम्ही तळ्यावर जायचं सोडलं. बाकी आत्या होती तशीच राहिली, तीन हाका, तपकीर, लाडवांवर पहारा. फक्त अधूनमधून तांदूळ निवडताना ती मान वर करायची, जरा कान द्यायची आणि समोर कोणी नसताना म्हणायची, "आवरतेय म्हटलं ना." मग पुन्हा तांदूळ. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे मला त्याचाही एक धीर वाटू लागला. आवरतेय तोवर ती आहे, असं वाटायचं. आणि ती खरोखरच आवरत होती. आईला कोकणातली सगळी लोणची शिकवली. मला शिवण शिकवलं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या, एकेकाच्या नावाची एकेक, आणि त्या कधी घाईने शिवल्या नाहीत.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी ती शेवटची गोधडी शिवत होती, बाबांची. दुपारची वेळ. मी शेजारीच वाचत पडले होते, आई बाजारात गेली होती. आत्याने दोऱ्याला गाठ मारली, दाताने दोरा तोडला, सुई डबीत ठेवली आणि गोधडीवरून हात फिरवला. "आवरलं गं माझं," ती म्हणाली. मी पुस्तकातून डोकं न काढताच हं म्हटलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ओ." अगदी हळू, खुशीत. मी वर बघितलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि गेली होती. हाक मला ऐकू आली नव्हती.

मी धावत जाऊन शेजारच्या काकांना उठवलं आणि कारखान्यात निरोप द्यायला पाठवलं. ते फाटकापर्यंतही पोचले नसतील, तोच बाबा दारात उभे. डोक्यावर टोपी नव्हती आणि हातात पेन्सिल तशीच होती. त्यांनी आत बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं.

"मी कागदावर वाकलो होतो," ते म्हणाले. "तोंडातून एकदम तिचं नाव गेलं. मोठ्याने. सगळ्यांनी वर बघितलं." मग थांबून त्यांनी विचारलं, "तिने ओ दिली का?"

मी मान डोलावली.

"कितव्या हाकेला?"

"पहिल्या," मी म्हटलं. बाबा तिथेच उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर बाबांनी आयुष्यात कोणालाही हाक मारली नाही. जेवायला बोलवायचं असलं तरी उठून आम्ही असू तिथे यायचे आणि नुसते जवळ उभे राहायचे. माझ्या लग्नात हजार माणसांच्या गर्दीत मला शोधत फिरले, पण नाव घेतलं नाही. शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले तेव्हा अंगावर आत्याची गोधडी असायची आणि उशाशी वाटी-चमचा. तहान लागली की ते वाटीवर चमचा वाजवायचे. मी आत्याच्या हाताखाली वाढलेली, अजूनही तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही, नातवंडं मला बहिरी समजतात. पण त्या चमच्याच्या आवाजाला मी पहिल्याच खेपेला उठायचे.